पुणे विरुद्ध मुंबई पब क्विझ: प्रश्न कसे काढावेत, गुण कसे मोजावेत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका पबमध्ये दर आठवड्याला क्विझ घेणाऱ्या गटाने मुंबईतील तशाच एका गटाला बोलावून दोन शहरांचा सामना घेतला. प्रश्न यजमानांनी काढले होते, पुण्याचे नऊ संघ होते आणि मुंबईहून चार आले होते. शेवटी सर्व संघांच्या गुणांची शहरवार बेरीज झाली, पुणे जिंकले आणि पाहुणे नाराज होऊन परतले. आता परतीचा सामना मुंबईत व्हायचा आहे. चुरस राहावी, पण मनात काही राहू नये, यासाठी प्रश्नसंच, गुणपद्धती आणि एकंदर आखणी कशी असावी, असे विचारले आहे.

बेरजेचा मुद्दा सोपा आहे, त्याकडे नंतर येतो. नाराजीचे मूळ मला प्रश्नसंचात दिसते. दोन शहरांचा सामना म्हटला की प्रश्नही त्या दोन शहरांवर काढावेत, असे आयोजकांना साहजिकच वाटते, आणि मग वीस प्रश्न पुण्याचे, वीस मुंबईचे अशी वाटणी होते. कागदावर ही वाटणी समसमान दिसते, पण तिने खेळ बिघडतो, कारण अर्धा वेळ एका बाजूला काही सुचत नाही आणि उरलेला अर्धा वेळ दुसऱ्या बाजूला. क्विझमध्ये खरी रंगत येते ती एकाच प्रश्नावर दोन्ही टेबले डोके लावत असतात तेव्हा. म्हणून शहर खेळाडूंच्या बाकावर असू द्यावे, प्रश्नपत्रिकेत त्याला फार जागा देऊ नये.

माझी कसोटी अशी आहे की एखादी गोष्ट तिथे राहिल्यामुळे आपोआप कळते की आवडीने मिळवावी लागते, हे प्रत्येक प्रश्नाबाबत पाहावे. पश्चिम रेल्वेवर दादरकडून चर्चगेटकडे जाताना पुढचे स्थानक कोणते, हे मुंबईकराला विचार न करता सांगता येते, कारण तो रोज त्यावरून जातो. पुण्यात सोमवार ते रविवार या सातही वारांच्या नावाने पेठा आहेत आणि त्यांतली कोणती कोणत्या रस्त्याला लागून आहे, हे पुणेकराला तितक्याच सहजपणे माहीत असते. असे प्रश्न रहिवाशाला गुण देतात आणि पाहुण्याला गप्प बसवतात. याउलट, भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, त्या वेळी ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता आणि प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला, ही हकीकत पुण्याच्या मैदानावरची असली तरी ती पुणेकराला जन्मतः मिळत नाही. क्रिकेटचा इतिहास वाचणाऱ्या कोणालाही ती ठाऊक असते, मग तो बोरिवलीचा असो की बिबवेवाडीचा. (नियमित क्विझ खेळणाऱ्यांत हा प्रश्न आता जुनाच झाला आहे, त्यांच्या भाषेत ‘चेस्टनट’, त्यामुळे तो जसाच्या तसा विचारू नये.)

तरीही दोन्ही शहरांचा स्पर्श असलेले तीन-चार प्रश्न हवेतच, नाहीतर त्या संध्याकाळला तिचा रंग येणार नाही. ते असे असावेत की त्यांवर कोणा एकाचा हक्क नसेल. असा प्रश्न कसा घडतो, ते एका उदाहरणाने सांगतो. महालक्ष्मीचा रेसकोर्स आणि पुण्याचा रेसकोर्स या दोन्ही ठिकाणी घोड्यांच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब ही एकच संस्था भरवते, ही माझ्या हातातली माहिती. हिचा सरळ प्रश्न केला, म्हणजे ‘महालक्ष्मी येथील शर्यती कोणती संस्था भरवते?’ असे विचारले, तर तो पाठांतराचा होतो आणि थोडा मुंबईकडे झुकतो. आता तीच माहिती उलट्या बाजूने मांडू: ‘एका खेळाचा मुंबईतील हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि पुण्यातील हंगाम जुलै ते ऑक्टोबर. दोन्हीकडचे आयोजन एकच क्लब करतो. खेळ कोणता?’

हा प्रश्न टेबलावर पडल्यावर काय होते ते पाहण्यासारखे असते. कोणीतरी प्रथम क्रिकेट म्हणते आणि लगेच दुसरा विचारतो की जुलैत क्रिकेट कसे? मग फुटबॉलचे नाव निघते, पण फुटबॉलला पावसाची अडचण नाही, मग मुंबईत तो हिवाळ्यातच का असावा? इथे विचार हवामानाकडे वळतो. मुंबईच्या पावसात जमीन चिखल होते, पुणे सह्याद्रीच्या पलीकडे पर्जन्यछायेत असल्याने तिथे पाऊस बेताचा असतो; म्हणजे ज्या खेळाला विस्तीर्ण, टणक पण ओलसर हिरवळ लागते असा हा खेळ असावा. तिथून घोड्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. रेसकोर्सवर कधीही न गेलेला खेळाडूही हे उत्तर काढू शकतो आणि ते काढल्याचा आनंद त्याला आठवड्याभर पुरतो. कठीण वाटल्यास एक धागा जोडावा: १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन आरंभी आठवड्याच्या अखेरीसच धावत असे आणि तिच्या प्रवाशांत या खेळाचे शौकीन असत. दोन्ही शहरांना आपली वाटणारी ही गाडी प्रश्नात आली की दोन्ही बाजूंचे चेहरे खुलतात, हा माझा अनुभव आहे.

दोन शहरांना जोडणारी माहिती विशेष काळजीने तपासावी लागते, कारण तिथे आपण ‘हे तर सगळ्यांना माहीत आहे’ असे धरून चालतो. आज प्रभादेवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाचे पूर्वीचे नाव एल्फिन्स्टन रोड. पुण्याच्या पेशवे दरबारातील रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी, आणि पुढे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर राहिलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याशी त्याची सांगड घालून सुरेख जोडप्रश्न होईल, असे कोणालाही वाटेल. एल्फिन्स्टन कॉलेज खरोखरच त्यांच्या नावाचे आहे. पण ते स्थानक १८५३ ते १८६० या काळातले गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांच्या नावाचे होते. प्रश्न विचारून झाल्यावर हे एखाद्या टेबलावरून कोणी दाखवून दिले, तर एक गुण वादात सापडेलच, शिवाय उरलेल्या संचावरचाही विश्वास उडेल, आणि पाहुणा संघ तर तो यजमानांचा पक्षपातच समजेल. प्रत्येक प्रश्नाला परस्परांवर अवलंबून नसलेले दोन आधार असल्याशिवाय तो संचात घेऊ नये.

शब्दरचनेचेही तसेच. ‘महाराष्ट्राने रणजी करंडक किती वेळा जिंकला?’ हा प्रश्न निर्दोष वाटतो. उत्तर म्हणून प्रश्नकर्त्याच्या मनात दोन हा आकडा असतो: १९३९-४० आणि १९४०-४१, दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. परंतु या राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात, आणि मुंबईची विजेतेपदे चाळिसाच्या वर आहेत. पुणे-मुंबई सामन्यात ‘आम्ही महाराष्ट्रात नाही का?’ हा सवाल हमखास येणार आणि तो चुकीचाही नाही. ‘महाराष्ट्र या नावाने खेळणाऱ्या संघाने’ एवढे लिहिले की वाद मिटतो. लिहून झालेला प्रत्येक प्रश्न दुसऱ्या शहराच्या कानांनी एकदा ऐकावा, असे मी नव्या प्रश्नकर्त्यांना सांगतो.

यातूनच प्रश्न कोणी काढावेत याचे उत्तर निघते. पब क्विझची ही रूढी ब्रिटनमधली. तिथे १९७० च्या दशकात ती खऱ्या अर्थाने फोफावली, आणि त्यामागे कमी गर्दीच्या रात्री पबमध्ये माणसे यावीत हा साधा व्यापारी हिशेब होता. पुढे पबांच्या लीग उभ्या राहिल्या, एकदा आपल्या पबमध्ये आणि एकदा त्यांच्या पबमध्ये असे सामने होऊ लागले. तिथल्या अनेक लीगमध्ये त्या आठवड्यात न खेळणारा संघ प्रश्न काढतो, आणि ही पद्धत तुम्ही जशीच्या तशी उचलावी. नागपूर, नाशिक, कोल्हापूर किंवा पणजी इथला एखादा अनुभवी क्विझमास्टर शोधावा, त्याला योग्य मानधन द्यावे आणि त्याच्याकडून संच घ्यावा. तसे कोणी मिळाले नाही, तर दोन्ही शहरांतून एकेक प्रश्नकर्ता निवडावा, दोघांनी निम्मे निम्मे प्रश्न काढावेत आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा एकूण एक प्रश्न वाचून संमती द्यावी. अर्थात त्या दोघांनीही सामन्यात खेळायचे नाही. यजमानांनीच संच काढायचा आणि पाहुण्यांनी विश्वास ठेवायचा, ही व्यवस्था कितीही सज्जन माणसे असली तरी टिकत नाही.

शैलीचाही विचार करावा लागेल. भारतातील खुल्या क्विझची सुरुवात १९६७ मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी घेतलेल्या क्विझपासून मानली जाते. हैदराबादचा के-सर्कल हा क्विझ क्लब १९७२ चा आणि बंगळुरूची कर्नाटक क्विझ असोसिएशन १९८३ ची. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवरून नाव घेतलेल्या बोट क्लब क्विझ क्लबने, आणि मुंबईत बॉम्बे क्विझ क्लबने खेळाडूंच्या पिढ्या तयार केल्या. जागतिक क्विझिंग अजिंक्यपद जिंकणारे विक्रम जोशी हे मुंबईचेच. या मुरलेल्या वर्तुळांत लांब, धागेदोरे देणारे, विचार करून उत्तर ‘काढता’ येईल असे प्रश्न प्रिय आहेत. पबमध्ये मात्र निम्मी टेबले कार्यालयातून थेट आलेल्या मित्रमंडळींची असतात आणि त्यांना दोन ओळींहून लांब प्रश्न गोंगाटात ऐकूही येत नाही. माझा आग्रह असा की प्रश्न वळणदार ठेवावा, पण तीन छोट्या वाक्यांत संपवावा, आणि वाचतानाच तो पडद्यावरही दाखवावा. कठीणपणाचे माप म्हणाल, तर आठ प्रश्नांच्या फेरीत सर्वांत नवख्या टेबलाला तीन आणि सर्वांत मुरलेल्या टेबलाला सात उत्तरे यावीत. संबंध सभागृहात कोणालाच न आलेला प्रश्न हा प्रश्नकर्त्याने वाया घालवलेला प्रश्न समजावा.

आता गुणांकडे. नऊ संघ विरुद्ध चार संघ असताना बेरीज करणे अन्याय्य आहे, हे उघड आहे. त्यावर पुष्कळ जण सरासरीचा उपाय सुचवतात, पण सरासरीने जास्त संघ उतरवणाऱ्या शहराच्या हौशी संघांना शिक्षा होते; ‘तुमच्यामुळे आपण हरलो’ असे त्यांना ऐकावे लागले तर ते पुन्हा येणार नाहीत. दोन्हीकडचे सर्वोत्तम तीन संघ धरावेत, ही सूचनाही वरवर बरी वाटते. परंतु नऊ संघांतून नंतर निवडलेले तीन हे चारांतून निवडलेल्या तिघांपेक्षा सरस निघण्याचा संभव अधिक असतो, कारण नऊ जणांना फासा टाकायची संधी जास्त वेळा मिळालेली असते. म्हणून मी एकच पद्धत सुचवतो: जितके पाहुणे संघ येतील तितकेच संघ यजमानांनी पहिल्या प्रश्नाआधी नावानिशी जाहीर करावेत आणि शहराचा निकाल फक्त त्यांच्या गुणांवर लावावा. बाकीचे संघ त्या रात्रीच्या वैयक्तिक बक्षिसासाठी खेळतील. यात निवडीची चुरसही येते, कारण आधीच्या महिन्याभरातील साप्ताहिक क्विझच्या गुणांवरून शहराचे चार संघ ठरवता येतात आणि त्या साध्या रात्रींनाही वजन मिळते.

संघात जास्तीत जास्त पाच जण असावेत. सहावा माणूस आला की टेबलावर दोन गट पडतात आणि एक जण मोबाइल पाहू लागतो. मोबाइलविषयी सांगायचे तर फेरी चालू असताना ते सर्वांसमक्ष टेबलाच्या मधोमध उलटे ठेवायला सांगावे आणि हा नियम यजमानांनी आधी स्वतः पाळावा. चित्राचा प्रश्न नुसता चेहरा ओळखण्याचा असेल, किंवा गाण्याचा प्रश्न नुसते गाणे ओळखण्याचा असेल, तर फोनला तो क्षणात सुटतो. त्याऐवजी दोन चित्रांमधला संबंध विचारावा, म्हणजे फोन हातात असूनही उपयोग होत नाही.

स्थळ आणि वेळ यांत चूक झाली तर उत्तम संचही वाया जातो. दोन शहरांतील अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे, तेव्हा सामना शनिवारी दुपारी चारला सुरू करून सातपर्यंत आटोपावा. पाहुण्यांना रात्रीची गाडी गाठता येते आणि मद्य घेतलेल्या कोणालाही द्रुतगती मार्गावर गाडी हाकण्याचा मोह होत नाही. गच्चीवरचा पब घेतला असेल तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे, आणि काही ठिकाणी त्याहून लहानांना प्रवेशच देत नाहीत; महाविद्यालयीन खेळाडू बोलवायचे असतील तर व्यवस्थापकाशी आधी बोलून त्यांची सोय करावी, नाहीतर दोन्ही शहरांचे सर्वांत चपळ खेळाडू दाराबाहेर राहतील. आयपीएलचे वेळापत्रक पाहून तारीख धरावी आणि भिंतीवरचे पडदे बंद ठेवण्याचे लेखी ठरवून घ्यावे. तिसऱ्या फेरीनंतर पंधरा-वीस मिनिटांची सुटी ठेवावी आणि ती वेटर मंडळींना आधी सांगावी, म्हणजे प्रश्नांच्या मध्ये ऑर्डर घेत फिरावे लागत नाही आणि पबच्या गल्ल्यालाही झळ बसत नाही.

उत्तरपत्रिका तपासण्यासाठी मी नेहमी पुण्याचे टेबल आणि मुंबईचे टेबल शेजारी बसवून त्यांची पाने आपसांत बदलतो. यजमानांनी एका कोपऱ्यात बसून तपासणी केली की कुजबुज सुरू होते. पान समोरच्याच्याच हातात असले की शंका तिथल्या तिथे मिटते आणि दोन अनोळखी टेबले एकमेकांशी बोलू लागतात. नियम मात्र सुरुवातीलाच वाचून दाखवावेत: आडनाव पुरेसे आहे, पण आपणहून दिलेले पहिले नाव चुकले तर गुण नाही, उच्चाराला जवळचे लेखन चालेल, मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालेल, आक्षेप घ्यायचा तर पुढची फेरी सुरू होण्याआधी संघनायकाने चिठ्ठीवर लिहून द्यावा. आक्षेप रास्त ठरला तर दुसरे उत्तरही सर्वांसाठी ग्राह्य धरावे, आणि प्रश्नच सदोष निघाला तर तो सर्वांसाठी रद्द करावा. चिठ्ठीमुळे आवाज चढत नाहीत आणि निर्णय देणाऱ्याला दोन मिनिटे शांतपणे विचार करता येतो.

बरोबरी झाल्यास सर्वांत जवळचा आकडा सांगणारा जिंकेल असा एकच प्रश्न ठेवावा. तुमच्या सामन्याला शोभेल असा एक सुचवतो: १९४८-४९ च्या रणजी उपांत्य फेरीत पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या सामन्यात चार डावांत मिळून किती धावा झाल्या? मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४, अशा एकूण २३७६. मुंबई ३५४ धावांनी जिंकली, पण दुसऱ्या डावात सहाशेच्या पुढे जाऊन हरलेल्या संघाचे कौतुक मुंबईकरही करतात.

थट्टामस्करी होणार आणि व्हावी. पुणेरी पाट्या, दुपारची विश्रांती, लोकलची गर्दी, घराचे भाडे हे विषय दोन्हीकडच्यांना पाठ आहेत, आणि संघांची नावे ठरवण्यातच निम्मी मौज असते. क्विझमास्टरने मात्र स्वतः कोणत्याही शहरावर विनोद करू नये. त्याच्या हातात माईक आणि गुण दोन्ही असतात, त्यामुळे त्याचा हलका शेराही निकालाचा भाग वाटतो. भाषा, जात किंवा कोण कुठून आले यांवरची शेरेबाजी पहिल्याच वेळी थांबवावी; दोन्ही शहरांच्या संघांत कानडी, गुजराती, बंगाली, तमिळ घरांतले खेळाडू आहेत आणि तेही आपापल्या शहरासाठी तितक्याच ईर्ष्येने खेळतात.

तुमच्या परतीच्या सामन्यापुरते सांगायचे, तर पहिला निकाल बाजूला ठेवावा आणि मुंबईतील सामना व त्यानंतर पुण्यातील एक, असे दोन सामने मिळून नवी मालिका जाहीर करावी. चार-चार संघ, आठ प्रश्नांच्या पाच फेऱ्या आणि दोन्हींसाठी त्रयस्थ प्रश्नकर्ता असावा. चाळीसपैकी चारच प्रश्न दोन शहरांना जोडणारे असावेत. दोन्हीकडच्या चार-चार संघांची नावे मिळाली की पहिल्यांदा त्या प्रश्नकर्त्याला कळवा. त्यांच्यापैकी कोणी त्याच्या ओळखीचे असल्यास त्याने ते दोन्ही गटांना आधीच सांगावे. सामना झाल्यावर संपूर्ण संच, उत्तरे आणि त्यांचे आधार दोन दिवसांत दोन्ही गटांना पाठवावेत.